दुप्पट माप

विनिता सबनीसला कोळ्यांची भीती कधीच वाटली नव्हती. डोंबिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बाकीच्या मुली नाक मुरडायच्या, तेव्हा ही चिमट्याने पाय मोजत बसलेली असायची. २०११ साली ती डिप्लोमा करायला न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आली. प्रयोगशाळेत नोकरी मिळेल असं वाटलं होतं, ती मिळाली नाही. दीड वर्ष सुपरमार्केटमध्ये भाज्या रचल्यावर तिने पेस्ट कंट्रोलच्या एका कंपनीत अर्ज टाकला. मालकाचं नाव ग्लेन. त्याने मुलाखतीत एकच प्रश्न विचारला.

"जुन्या घरांच्या जमिनीखाली सरपटत जायला जमेल?"

"आत्ता दाखवू का?" विनिता म्हणाली.

ग्लेन हसला आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाला. पुढे त्यानेच तिला परवान्याची परीक्षा द्यायला लावली, फी भरली, कंपनीची व्हॅन घरी न्यायला दिली. ती पर्मनंट रेसिडेंट झाली तेव्हा ऑफिसात केक आणला. हे सगळं विनिता विसरली नव्हती, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते तिला जास्त लागलं.

२०१७ च्या मार्चमध्ये रोटोटुनातल्या एका डेकेअरमध्ये सिद्धी नावाच्या चार वर्षांच्या मुलीला काहीतरी चावलं. सिद्धीची आई नीलिमा पुण्याची, इथे हॉस्पिटलच्या आयटी विभागात होती. संध्याकाळपर्यंत मुलीचं पाऊल लालबुंद झालं, रात्रीत घोट्यापर्यंत सुजलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक्स दिली आणि जाता जाता म्हणाले, व्हाइटटेल कोळी असू शकतो. नीलिमाने सुजलेल्या पावलाचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मग काय विचारता! कुणी लिहिलं की व्हाइटटेल चावला की मांस सडतं, कुणाच्या शेजाऱ्याच्या मेहुण्याचा पाय कापावा लागला होता. सोमवारपर्यंत डेकेअरमधल्या सात मुलांना आईबापांनी घरी ठेवलं होतं. डेकेअरच्या मुख्य ऑफिसने ग्लेनला फोन केला आणि ग्लेनने मंगळवारी सकाळी विनिताला पाठवलं.

डेकेअर चालवणारी नायरी दारातच उभी होती. उंच, पांढरे केस घट्ट बांधलेली माओरी बाई, तीस वर्षं मुलं सांभाळलेली.

"किया ओरा, विनिता. खरं काय ते सांग. गोड करून नको."

"शोधते आधी," विनिता म्हणाली.

तिने दोन तास शोधलं. मुलं झोपतात ती खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, खेळण्यांची कपाटं. झोपायच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या पायांचे तीन कोळी लोंबकळत होते. ते कुणाला काही करत नाहीत, झाडूने निघतात. बाकी आत काहीच नव्हतं. मग ती बाहेर आली, मागच्या भिंतीपाशी, आणि तिथेच तिला सगळं दिसलं.

भिंतीवर पांढरा झगझगीत दिवा होता. तो रात्रभर चालू राहायचा. त्याच्यावर पाखरं यायची आणि पाखरांसाठी काळ्या कोळ्यांनी छपराच्या कडेखाली हातभर जाळी विणली होती. जाळ्यांच्या बरोबर खाली मुलांचे गमबूट ठेवायचं लाकडी रॅक होतं आणि रॅकमागे उरलेल्या फळ्यांची चळत. विनिताने हातमोजे घालून फळ्या एकेक उचलल्या. तिसऱ्या फळीखाली दोन व्हाइटटेल होते. करडे, लांबट, शेपटाकडे पांढरा ठिपका. एक निसटला. एक तिने बरणीत घेतला.

व्हाइटटेल जाळं विणून वाट बघत बसत नाही. तो दुसऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात शिरून त्यांनाच खातो. भिंतीवर जाळी होती म्हणून तो भिंतीवर आला होता. आणि भिंतीखाली बूट होते.

सिद्धी त्याच दिवशी पायाला बँडेज बांधून परत आली होती. विनिता तिच्याशेजारी बुटक्या बाकावर बसली.

"सिद्धी, तुला चावलं तेव्हा तू कुठे होतीस गं? झोपली होतीस?"

सिद्धीला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. "नो! इट वॉज इन माय गमबूट. इट हॅड अ व्हाइट बम."

नायरीने कपाळाला हात लावला. चार दिवसांत डॉक्टरांनी, आईने, टीचरनी, सगळ्यांनी मुलीचं पाऊल पाहिलं होतं. कुठे चावलं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

विनिताने जागेवरच रिपोर्ट लिहिला. आत प्रादुर्भाव नाही. बाहेर मागच्या भिंतीवर जाळी, दोन व्हाइटटेल. उपाय: जाळी आणि अंड्यांच्या पिशव्या झाडून काढणे, फळ्या हलवणे, बुटांचं रॅक आत घेणे, पांढऱ्या दिव्याऐवजी पिवळा लावणे, खिडक्यांच्या फटी बुजवणे, विटांमधल्या हवेच्या भोकांना बारीक जाळी बसवणे. फवारणी फक्त बाहेर छपराच्या कडेला, एकदाच, लेबलवरच्या मापाने.

दुपारी ग्लेनने तो रिपोर्ट वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"दोन कोळी? विनिता, त्या लोकांची नऊ सेंटर्स आहेत. इथून टाकानिनीपर्यंत. मुख्य ऑफिस म्हणतंय, हे नीट हाताळलं तर नऊही तुमची. आणि तू मला झाडू मारायला सांगतेस?"

"जे आहे ते लिहिलं."

"'गंभीर प्रादुर्भाव' लिही. आतल्या सगळ्या खोल्यांत फवारू. शुक्रवारी मुलं गेल्यावर. आणि माप दुप्पट घे."

विनिताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "दुप्पट?"

"वास राहिला पाहिजे. सोमवारी आईबाप दारातून आत आले की त्यांना वास आला पाहिजे. वास आला की माणसं शांत होतात. वीस वर्षं बघतोय मी."

"झोपायच्या खोलीत गाद्या जमिनीवर असतात, ग्लेन. तिथे रांगणारी पोरं आहेत, ती हात तोंडात घालतात. मुलं वावरतात त्या जमिनीवर मारू नका असं लेबलवर छापलंय. दुप्पट माप तर कुठेच चालत नाही. परीक्षेच्या वेळी तूच माझ्याकडून हे पाठ करून घेतलं होतंस."

"कुणी मरत नाही त्याने."

"माझी सही मिळणार नाही."

ग्लेनने तिचा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. मग म्हणाला, "ठीक आहे. रिपोर्ट मी लिहितो. काम डीन करेल. तू यातून बाहेर."

"मी नायरीला सांगणार आहे," विनिता म्हणाली. "तुझ्या पाठीमागे नाही. तुला सांगून सांगतेय."

"तसं केलंस तर तुझी नोकरी राहील असं समजू नकोस."

घरी आल्यावर तिने मकरंदला सगळं सांगितलं. मकरंद तिचा नवरा. दूध उद्योगातल्या एका फर्ममध्ये सॉफ्टवेअरचं काम करायचा, शांत आणि जपून वागणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू सही नाही केलीस, विषय संपला," तो म्हणाला. "आता जे होईल ते ग्लेनच्या डोक्यावर. फोन कशाला करायचा?"

"मला माहितीये म्हणून."

"विनू, या शहरात पेस्ट कंट्रोलवाले किती आहेत? सगळे एकमेकांना ओळखतात. बाहेर पडलीस तर परत भाज्या रचायला जाणार का?"

"जाईन. रचता येतात मला चांगल्या."

"हे उत्तर नाही झालं."

"मग ऐक. त्या खोलीत उद्या एखाद्या पोराला काही झालं आणि कुणी विचारलं, तुला माहीत होतं का, तर मी काय सांगू? की माहीत होतं, पण माझी सही नव्हती?"

विनिताने त्याच्यासमोरच नायरीला फोन लावला.

नायरीने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "हे मला लिहून देशील? तुझ्या नावाने?"

"देते."

तिने एक पानभर पत्र लिहिलं. काय सापडलं, कुठे सापडलं, कुठलं औषध, लेबल काय म्हणतं, कंपनी काय करणार आहे. खाली पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक घातला. एक प्रत नायरीला पाठवली आणि दुसरी ग्लेनला.

नायरीने पालकांना कळवलं की आतली फवारणी करायची की नाही याचा ती विचार करते आहे. तासाभरात नीलिमाचा फोन आला. मंडळाच्या गणपतीत दोघी भेटायच्या, एकदा मोदक एकत्र वळले होते. आज तिचा आवाज वेगळा होता.

"विनिता, तूच अडवते आहेस म्हणे. माझ्या मुलीचं पाऊल बघितलंस ना तू?"

"बघितलं, नीलिमाताई."

"तरी तुझं म्हणणं, कोळी नव्हता?"

"कोळी होता. म्हणूनच म्हणतेय. तो बुटात होता, बाहेर. आणि हे लोक फवारणार आतल्या गाद्यांजवळ. बुटाच्या रॅकला कुणी हात लावणार नाहीये."

"सगळीकडे मारू दे ना मग! माझं काय जातं?"

"सिद्धी त्याच गादीवर झोपते ना?"

मग नीलिमा म्हणाली, "तुला मूल असतं ना, तर कळलं असतं."

विनिता लगेच म्हणाली, "मूल नाही मला. पण लेबल वाचता येतं. तुम्हीही या शुक्रवारी, वाचून दाखवते."

नीलिमाने फोन ठेवला.

शुक्रवारी साडेचारला विनिता स्वतःच्या गाडीने डेकेअरला गेली. ऊन चांगलं वर होतं. आईबाप मुलांना न्यायला येत होते, कुणाच्या हातात टॉग्जच्या, म्हणजे पोहायच्या कपड्यांच्या, ओल्या पिशव्या, कुणाच्या पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला. पाच वाजता कंपनीची व्हॅन आली. डीन उतरला. विनिताला बघून तो गडबडला. दोघांनी तीन वर्षं एकत्र काम केलं होतं.

"तू इथे कशाला?" तो हळूच म्हणाला. "ग्लेन चिडेल."

"चिडलाय आधीच."

नायरी दारात आली आणि चौकटीच्या मधोमध उभी राहिली. तिच्या हातात विनिताचं पत्र होतं.

"टाकीत माप किती आहे?" तिने डीनला विचारलं.

डीनने खाली बघितलं. "मला सांगितलं तेवढं."

"मला आकडा हवा. आणि औषधाचा डबा दाखव."

जायला निघालेले आईबाप थांबले. दहाबारा जण असतील. डीनने फोन लावला, स्पीकरवर ग्लेनचा आवाज आला. नायरीने उगाच वेळ घालवू नये, मुख्य ऑफिसने मंजुरी दिली आहे, विनिता आता कंपनीच्या वतीने बोलत नाही.

"बरोबर आहे," विनिता मोठ्याने म्हणाली. "मी माझ्या वतीने बोलतेय. ग्लेन, सगळ्यांना माप सांग. लेबलवर जे आहे तेच असेल तर मी इथून निघून जाते आणि तुझी माफी मागते. सगळ्यांसमोर."

मग ग्लेन म्हणाला, "डीन, परत ये."

डीनने टाकी व्हॅनमध्ये ठेवली. दार लावताना तो कुणाकडे न बघता पुटपुटला, "दुप्पटच होतं." आणि गेला.

एक बाप भडकला. "म्हणजे आता काहीच करायचं नाही का? कोळी तसेच?"

"तसे नाही," विनिता म्हणाली. "उद्या सकाळी नऊला या. जुने कपडे घालून. लांब दांड्याचे झाडू माझ्याकडे आहेत." मग तिने त्यांना मागच्या भिंतीपाशी नेलं, दिवा, जाळी, रॅक दाखवलं, बरणी दाखवली. नीलिमा सगळ्यांच्या मागे सिद्धीचा हात धरून उभी होती. तिने विनिताच्या हातातून औषधाच्या लेबलची प्रत घेतली, चष्मा वर करून सगळी वाचली, परत दिली आणि सिद्धीला घेऊन गेली.

शनिवारी नऊला पाच जण आले. नायरी, तिचा भाऊ शिडी घेऊन, दोन बाप आणि मकरंद. मकरंद येईल असं विनिताला वाटलं नव्हतं. "सिलिकॉनची गन मला दे," एवढंच तो म्हणाला. साडेनऊला नीलिमा आली. भांडी घासायचे पिवळे हातमोजे घातलेले. तिने झाडू उचलला आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

दुपारपर्यंत त्यांनी पूर्ण भिंत झाडली. जळमटांचे करडे गोळे पिशवीत भरले, अंड्यांच्या पिशव्या खरवडून काढल्या, चौदा निघाल्या. फळ्या ट्रेलरवर चढवून पाठवून दिल्या. खिडक्यांच्या फटी मकरंदने बुजवल्या. विटांमधली भोकंही तो बुजवायला निघाला होता, विनिताने त्याला थांबवलं.

"ती बंद केलीस तर भिंतीत पाणी साचेल. तिथे फक्त ही जाळी लाव."

"हे मला माहीत नव्हतं."

"कुणालाच नसतं. लोक फवारतात आणि मोकळे होतात."

बुटांचं रॅक आत आलं आणि प्रत्येक बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा, असा नियम नायरीने मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. शेवटी विनिताने छपराच्या कडेला बाहेरून औषध मारलं. तिने स्वतः आणलेलं, सगळ्यांसमोर मोजून.

निघताना नीलिमा गाडीपाशी थांबली. "त्या दिवशी मी बोलले ते," ती म्हणाली, "तसं बोलायला नको होतं."

"नकोच होतं," विनिता म्हणाली.

नीलिमाने मान हलवली. आणि ती निघून गेली. पण रात्री ग्रुपवर नीलिमाने विनिताचा नंबर टाकला आणि खाली लिहिलं, 'ही खरं सांगते. तुम्हाला आवडेलच असं नाही.'

सोमवारी ग्लेनने तिला ऑफिसात बोलावलं. व्हॅनची किल्ली आधीच टेबलावर ठेवायला सांगितली. मग एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की विनिता गैरवर्तन केल्याचं मान्य करते आणि राजीनामा देते. सही केली तर तो शिफारसपत्र देणार होता.

"तुला मी उभं केलं," ग्लेन म्हणाला. त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता. "माझ्याकडे परत येऊन बोलता आलं असतं."

"बोलले होते. तू म्हणालास, कुणी मरत नाही."

"सही कर, विनिता. नाहीतर तुला कुणी घेणार नाही."

"काढून टाकायचं असेल तर काढ. कारण लिहून दे. 'दुप्पट माप मारायला नकार दिला' असं लिही, मी त्याच्यावर आनंदाने सही करते."

तसं ग्लेनने लिहिलं नाही. पण त्याने तिला काढलं. बाहेर पडून ती बस स्टॉपवर जाऊन बसली आणि पंधरा मिनिटं रडली. चार वर्षं गेली होती त्या ऑफिसात. मग बस आली.

मुख्य ऑफिसने बाकीची आठ सेंटर्स ग्लेनलाच दिली. फक्त नायरीने त्याला आत घेतलं नाही. तिला वरून दोन कडक पत्रं आली, ती तिने नीट फाइलला लावली.

एप्रिलमध्ये विनिताला वकिलाचं पत्र आलं. जुन्या करारातल्या अटीप्रमाणे सहा महिने तिला वायकाटोत, म्हणजे हॅमिल्टनभोवतीच्या सगळ्या भागात, फवारणीचा व्यवसाय करता येणार नव्हता. मकरंदने ते दोनदा वाचलं.

"फवारणीचा," तो म्हणाला. "झाडण्याचा नाही. फटी बुजवण्याचा नाही."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. तसं घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं. त्या आठवड्यात तिने एक जुनी स्टेशन वॅगन घेतली, वर शिडी बांधली. कामं आली, पण थोडी. एक डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, जिथे फ्रीजमागे जाळ्यांचं रान माजलं होतं. चार मराठी घरं. काही जणांनी तिला पाहून विचारलं, औषध न मारता कसले कोळी जातात, आणि परत पाठवलं. काही आठवड्यांत तिने सुपरमार्केटमध्ये संध्याकाळची पाळीही घेतली आणि त्याची लाज बाळगली नाही.

जूनमध्ये तिने एक पान लिहून ग्रुपवर, लायब्ररीच्या बोर्डावर, फेसबुकवर, सापडेल तिथे लावलं. मथळा होता, 'फवारणीला आलेल्या माणसाला विचारा'. औषध कुठलं? लेबलवरचं माप किती आणि टाकीतलं किती? हे आत का मारायचं, कोळी कुठे सापडला ते दाखवा. न फवारता काय करता येईल? खाली तिचं नाव आणि फोन नंबर होता. कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं.

ते पान तिच्या अंदाजापेक्षा लांब गेलं. टाकानिनीच्या एका सेंटरच्या बाईने ते छापून दारावर चिकटवलं आणि डीनला, ग्लेनच्याच डीनला, चारही प्रश्न दारातच विचारले. त्या दिवशी दुपारी विनिता एका घराच्या छपराखाली शिडीवर होती, तेव्हा ग्लेनचा फोन आला.

"ते पान काढ," तो म्हणाला.

विनिताने झाडू शिडीला टेकवला. केसांत जळमटं अडकली होती, ती एका हाताने काढत ती म्हणाली, "त्यातली कुठली ओळ खोटी आहे?"

"प्रश्न तो नाहीये."

"माझा प्रश्न तोच आहे. एक ओळ दाखव खोटी. आत्ता खाली उतरते आणि काढते."

फोनमध्ये मागे ऑफिसातला प्रिंटर चालू होता. तिने त्याला पुरेसा वेळ दिला.

"विनिता," शेवटी तो म्हणाला, "माझ्याकडे नऊ माणसं कामाला आहेत."

"मग त्यांना बरोबर मापाने मारायला सांग. काम कमी होणार नाही. कोळी इथे भरपूर आहेत."

ग्लेनने फोन ठेवला. विनिताने तो खिशात टाकला, खाली उतरून शिडी हातभर सरकवली आणि पुढच्या कोपऱ्यातलं जाळं काढायला घेतलं.